पुस्तकातला बादल

पुस्तकांचे खोके घेऊन अनंतरावांची गाडी तांड्यात शिरली, तेव्हा गुलाबसिंग इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभा होता. बिजलीबाईनं दोनदा चहाला हाक मारली होती, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. फौजेतून सुभेदार म्हणून परतून त्याला जमाना झाला, तरी कोणाची वाट बघायची म्हटलं की त्याचे पाय अजून आपोआप जुळत आणि पाठ ताठ होई.

"घ्या सुभेदारसाहेब, तुमचा मुलगा आला," गाडीतून उतरता उतरता अनंतराव म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. "म्हणजे... पुस्तक आलं, असं म्हणायचं होतं मला."

"बरोबर म्हनलं तुमी," गुलाबसिंग म्हणाला. "तोच आला."

ओसरीवर खोका ठेवून त्यानं स्वतःच्या हातानं चिकटपट्टी कापली. वरच्याच प्रतीवर बादल होता. वर्दीतला, टोपी किंचित तिरकी, ओठ घट्ट मिटलेले. खाली ठळक अक्षरात 'तांड्याचा बादल', आणि त्याखाली बारीक अक्षरात लेखक म्हणून गुलाबसिंगचं नाव. गुलाबसिंगनं पुस्तक नाकाशी नेलं. नव्या शाईचा वास आला. त्यानं ते उघडलं नाही, नुसतं दोन्ही हातांत धरून राहिला.

साठी उलटल्यावर माणूस लेखक होईल, हे तांड्यात कोणाला खरं वाटलं नसतं. जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले अनंतराव यवतमाळला माजी सैनिकांसाठी लेखनाचा वर्ग घेत. गुलाबसिंग पहिल्यांदा तिथं गेला तो घरात बसवत नव्हतं म्हणून. बादल जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. थोरला मुलगा, लान्स नायक, डोंगरातल्या रस्त्यावर ट्रकसकट दरीत गेला होता. गुलाबसिंगनं आधी स्वतःच्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या. अनंतरावांनी त्या सरळ करून छापल्या, आणि शाळाशाळांतून बोलावणी येऊ लागली. राळेगावच्या स्टँडवर लोक 'लेखकसाहेब' म्हणून चहा पाजू लागले. मग त्यानं बादलवर लिहायला घेतलं. लिंबाखाली टेबल टाकून तीन हिवाळे तो लिहीत बसला. बिजलीबाई चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवी आणि निघून जाई. काय लिहिताय, असं तिनं कधी विचारलं नाही. त्यानंही तिला काही विचारलं नाही.

धाकटा राजकुमार मोटरसायकलवरून आला तो बोलतच. राळेगावात त्याचं कृषी केंद्र होतं आणि येत्या जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्याच्या डोक्यात होतं. "बापू, कळंबले हॉल फुल होते उद्या प्रकाशनाले. बॅनर लागले. पाव्हणे पहिले चिंतामणीचं दर्शन घेतीन, मंग सरळ हॉलवर." मग त्यानं आईला हाक मारली. "याडी, तुले स्टेजवर बसाचं हाय. नवं लुगडं काढून ठेव."

बिजलीबाई पदराला हात पुसत दारात आली होती. तिनं मुखपृष्ठावरच्या मुलाकडे बराच वेळ पाहिलं.

"मले वाचून दाखवा," ती म्हणाली.

मग राजकुमार हसला. "अवो याडी, उद्या वाचतीनच ना तिथं."

"उद्या लोकायसाठी. आज मले."

ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला अक्षर येत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं सुनेकडे पाहिलं. बबिता, बादलची बायको, लहानग्या अंजूची आई, तांड्यातल्या अंगणवाडीत काम करायची. तिनं एक प्रत केव्हाच उचलून आत नेली होती. आता ती तीच प्रत घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा उतरलेला होता. गुलाबसिंगला वाटलं, नवऱ्याचा फोटो पाहून असेल.

"कुठून वाचू?"

"लहानपनापासून," बिजलीबाई म्हणाली.

बबिता वाचू लागली. "बादलच्या अंगात लहानपणापासूनच फौजी होता. सात वर्षांचा असताना लाकडाची बंदूक खांद्यावर घेऊन तो तांड्याच्या वाटेवर पहारा देई. अंधाराला तो कधी भ्यायला नाही. आईला म्हणे, मी मोठा होऊन बापूसारखा सीमेवर जाणार..."

"कोनता बादल?" बिजलीबाईनं विचारलं.

बबिता थांबली.

"नाई, मी विचारून राह्यली, कोनाचा लेक हा? बंदूक कधी होती त्याच्यापाशी? बकरीचं पिलू राहे त्याच्यापाशी. थंडीच्या दिवसात गोधडीत घेऊन झोपे. मी वरडो तं म्हने, याडी, त्याची याडी मेली ना वं."

"वहिनी, हे किती छान आहे, हे तर..." अनंतरावांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. बिजलीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. हात खाली आला.

"बिजली," गुलाबसिंग समजुतीनं म्हणाला, "पुस्तक असंच राह्यते. वाचनाऱ्याले समजलं पाहजे का हा पोरगा पुढं काय होनार हाय. लोकायच्या पोरायले त्याच्यातून काहीतरी भेटलं पाहजे."

"लोकायच्या पोरायले," ती म्हणाली. मग बबिताला म्हणाली, "त्याले आनलं त्या दिवसाचं वाच."

बबितानं सासऱ्याकडे पाहिलं. ते पान तिनं आत वाचलेलं होतं, हे तेव्हा कुठं गुलाबसिंगच्या लक्षात आलं. "राहू दे ना आता," तो म्हणाला. "चहा करा कोनी. अनंतराव केव्हाचे बसले हायेत."

"वाच वं."

बबितानं पान काढलं. तिचा आवाज सपाट होता, अंगणवाडीत हजेरी घेतात तसा. "तिरंग्यात गुंडाळलेली पेटी अंगणात उतरली. सारा तांडा हुंदके देत होता. पण त्या वीरमातेच्या डोळ्यांतून पाण्याचा एक थेंबही आला नाही. पेटीवर हात ठेवून ती म्हणाली, माझा दुसरा मुलगा इथं उभा आहे, तोही देशासाठी घेऊन जा."

राजकुमार जमिनीकडे बघू लागला.

त्या दिवशी अंगणात काय झालं होतं, ते तांड्यातल्या लहानथोर सगळ्यांनी पाहिलं होतं. पोरगी सासरी निघाली की तिथल्या बाया गळ्यात गळा घालून ढावलं गातात, रडता रडता, जागच्या जागी शब्द जोडत. बिजलीबाई पेटीवर पालथी पडून मुलासाठी ढावलं गायली होती. त्यात त्या बकरीच्या पिलाचं नाव होतं, त्याला आवडणाऱ्या भाजीचं नाव होतं, तो पडला होता त्या विहिरीचं नाव होतं. तिला उठवायला गुलाबसिंग वाकला तेव्हा तिनं त्याची कॉलर धरली होती. त्यानं सगळी पदकं लावली होती. त्या पदकांवर तिनं मुठी मारल्या, तिच्या हातातून रक्त आलं. तुमी नेलं त्याले, तुमी, तुमी, असं ती ओरडत होती, आणि पेटीबरोबर आलेले जवान दुसरीकडे तोंड करून उभे होते.

"मी नाई रडली?" बिजलीबाईनं विचारलं.

"बिजली, आयक माह्यं..."

"मी काय विचारून राह्यली? रडली का नाई रडली मी?"

"रडली."

"मंग?"

गुलाबसिंग फाटकाकडे बघू लागला. बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली.

"अजून एक हाय, मामाजी," बबिता म्हणाली. "शेवटचं. तेही होऊन जाऊ द्या." तिनं शेवटचं पान काढलं. "माझी सून बबिता ही खरी वीरपत्नी. दुसऱ्या लग्नाचं नावही तिनं कधी तोंडातून काढलं नाही. बादलच्या फोटोसमोर दिवा लावून ती उरलेलं आयुष्य काढणार आहे." तिनं पुस्तक मिटलं. ते मांडीवर दाबून धरलं. "मामाजी, मी लग्न करून राह्यली."

"काय?"

"लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सूतगिरणी हाय ना, तिथं प्रेमसिंग म्हणून सुपरवायझर हायेत. त्यायची बायको वारली. अंजूले पाह्यलं त्यायनं. अंजूलेबी चालते."

"बबिता!" राजकुमार ताडकन उठला. "आपलं काय ठरलं होतं? कार्यक्रम होईस्तोवर तोंड उघडाचं नाई म्हनलं होतं ना तुले?"

गुलाबसिंगनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"बापू, दोन दिवसाची गोष्ट होती..."

"तुले मालूम होतं आन् तू मले हे छापू देल्लं?"

"आता कायले वरडून राह्यले? छापलं तेव्हा कोनी विचारलं मले? तुमी लिहाचं, अनंतरावनं छापाचं, आमी खुर्च्या लावाच्या!" मग तो भावजयीकडे वळला. "उद्या पाव्हणे स्टेजवर बोलावतीन तुले. वीरपत्नी म्हणून शाल देतीन. आन् पुढच्या महिन्यात तू मांडवात बसशीन. लोकं थुकतीन आपल्यावर."

"थुकू दे," बिजलीबाई म्हणाली. "मीच म्हनलं तिले, जा."

हे मात्र कोणालाच अपेक्षित नव्हतं. बादल गेल्यापासून सासू-सुनेचं एका चुलीवर कधी जमलं नव्हतं. बिजलीबाई बबिताच्या हातची भाकर मोडून टाकायची, बबिता आठ-आठ दिवस सासूशी बोलायची नाही, आणि गुलाबसिंग दोघींच्या मधून आपलं टेबल उचलून लिंबाखाली जायचा. आता बिजलीबाई सरकून सुनेच्या जवळ बसली, तिच्या मांडीवरचं पुस्तक काढून तिनं बाजूला ठेवलं.

"मले कोनी काहून नाई सांगतलं?" गुलाबसिंगनं विचारलं.

"तुमी लिहून राह्यले होते," बबिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

अनंतराव उठले. गुलाबसिंग त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. दोघंही फाटकाबाहेर बोरीच्या सावलीला थांबले.

"मी तुम्हाला विचारलं होतं," अनंतराव हळूच म्हणाले. "आठवतं का? ते पान वाचून मी थांबलो होतो. म्हटलं, सुभेदारसाहेब, खरंच असं घडलं? तुम्ही हो म्हणालात."

"म्हनलं मी."

"का पण?"

गुलाबसिंगनं वाटेवरच्या धुळीकडे पाहिलं. "नोकरीत मी दुसऱ्यायच्या घरी पेट्या घेऊन गेलो, अनंतराव. लय घरी. बाया लोळत मातीत. लुगड्याचं भान नाई राहे त्यायले. गावातले पोट्टे भिंतीवर चढून पाह्यत. मी तोंड फिरवून उभा राहो. मले वाटे, हे कोनी पाहू नये. मंग माह्याच आंगनात तसं झालं. मले वाटलं, निदान पुस्तकात तरी हिले कोनी तसं पाहू नये. तिले उभी केली मी."

"आणि मुलाचं? ती लाकडी बंदूक?"

गुलाबसिंग म्हणाला, "ते मले मालूम नव्हतं. मी कुठं होतो? तो रांगे तेव्हा मी बर्फात होतो, शाळेत गेला तेव्हा वाळवंटात. सुट्टीवर आलो का छप्पर शाकारनं, वावर पाहनं, कोनाचं लगन. पहिल्या पानाले बसलो तं समोर काहीच नाई. मंग आपल्या पलटनीतले पोट्टे सांगत ना आपापल्या लहानपनाचं, त्यातलं घेतलं थोडंथोडं."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. "शेवटचं पान कापून टाकता येईल. वहिनींचंही एक पान वगळू. उद्या घोषणा करू की..."

"कापून काय राह्यते?" गुलाबसिंग म्हणाला. "नाई काढाचं पुस्तक. परत घेऊन जा."

पण राजकुमार मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं गाडीच्या दाराला हात लावू दिला नाही.

"कोनी कुठं नाई नेत. चारशे लोकायले सांगतलं मी. पाव्हणे येऊन राह्यले. उद्या मी काय सांगू त्यायले, आमच्या याडीले पुस्तक पसंत नाई पडलं?"

"सांग मी आजारी हाय म्हणून."

"मंग आजारी राहा. कार्यक्रम होते." त्याचा आवाज चढला आणि एकदम फाटला. "बापू, अख्ख्या पुस्तकात माह्यं नाव किती जागी हाय, मालूम हाय तुमाले? एका जागी. तेबी याडी मले देऊन टाकते तिथं. तोही घेऊन जा! मी इथं घर पाह्यलं, वावर पाह्यलं, याडीले दवाखान्यात नेलं, बबितासाठी हाफिसायचे चकरा मारले. ते कोन लिहीन? मेल्याशिवाय तुमी लिहीतच नाई का कोनाले?"

गुलाबसिंगनं हात पुढे केला, मुलाच्या खांद्यावर ठेवायला. राजकुमारनं तो झटकला नाही. त्यानं फक्त ओसरीवरचा खोका आणला आणि आपल्या मोटरसायकलवर बांधला. दुसरे खोके अनंतरावांच्या गाडीतच होते. अनंतराव एकदा बापाकडे, एकदा मुलाकडे बघत राहिले, आणि शेवटी गाडीत बसले. गाडी कळंबच्या रस्त्याला लागली.

सकाळी बबिता निघाली. लग्न होईपर्यंत दारव्ह्याला माहेरी राहते म्हणाली. राजकुमार घरात होता तोवर ती खोलीतून बाहेरच आली नाही, तो कळंबला गेल्यावर तिनं बॅगा ओसरीवर आणल्या. बिजलीबाईनं तिच्या पिशवीत तीळ, तूर, कायकाय कोंबलं, वरून एक गोधडी दिली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील असं वाटलं, पण पडल्या नाहीत. बिजलीबाई फक्त म्हणाली, "पोरीची येनी घट्ट घालत जाय. ढिली घातली का गुंता होते."

एसटी फाट्यावर यायची होती. गुलाबसिंगनं बॅग उचलली. बबिता वाटेत म्हणाली, "मामाजी, मी त्यायले विसरली नाई."

"मालूम हाय मले."

"पुस्तकात तसं लिहून ठेवलं तं मी उद्या हासली तरी चोरी वाटन मले. म्हणून बोलली मी. तुमाले दुखवाले नाई."

तो मान हलवत राहिला. फाट्यावर अंजूनं आजोबांचा हात धरला. "दादा, पप्पाचं एक पुस्तक देता? तिकडच्या शाळेत दाखवते."

त्याच्या पिशवीत एक प्रत होती. का घेतली होती, त्यालाच माहीत नव्हतं. त्याचा हात पिशवीत गेला, पुस्तकाच्या पाठीला लागला आणि तसाच राहिला.

"नको बेटा. ते चुकलं हाय."

"मंग सुधरवून द्या ना," अंजू म्हणाली.

एसटी आली. बबिता वाकून पाया पडली आणि चढली. खिडकीतून अंजू हात हलवत होती. गाडी वळणाआड गेल्यावरही गुलाबसिंग फाट्यावर उभा राहिला. कोणीतरी लुना थांबवून विचारलं, "काहून लेखकसाहेब, आज तं कळंबले कार्यक्रम हाय ना तुमचा?" त्यानं ऐकलंच नाही.

घरी बिजलीबाई नव्हती. ती वावरात गेली होती. कापूस फुटून वाऱ्यावर लोंबत होता आणि वेचायला बाई मिळत नव्हती, म्हणून ती एकटीच कमरेला ओटी बांधून ओळीत शिरली होती. गुलाबसिंग बांधावर आला. इस्त्रीचा कालचाच शर्ट त्याच्या अंगात होता. चपला बांधावर काढून तो तिच्या शेजारच्या ओळीत उभा राहिला आणि वेचू लागला. त्याला सवय नव्हती. बोंडाची टोकं बोटांत रुतत होती.

खिशातला फोन सारखा वाजत होता. कळंबला कार्यक्रम सुरू झाला असावा. लोक अभिनंदनाचे निरोप पाठवत होते, फोटो पाठवत होते. त्यानं एक उघडून पाहिला. स्टेजवर राजकुमार पुस्तक दोन्ही हातांत उंच धरून उभा होता, बाजूला पाव्हणे, मागं बॅनर. तीन खुर्च्यांवर कोणीच बसलेलं नव्हतं. त्यानं फोन बंद केला.

"बिजली."

"हं."

"मी नव्यानं लिहितो. सगळं. तू सांग, मी लिहितो. जसं हाय तसं. एक अक्षर माह्या मनानं नाई टाकत."

ती वेचत पुढे गेली. तो मागून गेला.

"ते बकरीच्या पिलाचं सांग. विहिरीत पडला होता ते सांग. त्या दिवशी तू ढावलं गायली, ते मले पुरं आठवत नाई. ते सांग. तुहं रडनंही लिहितो. मले मारलं, तेही लिहितो."

"नाई."

"काहून?"

बिजलीबाई थांबली. तिनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कालचा राग कुठंच नव्हता. तिथं काहीच नव्हतं. गुलाबसिंगला भीती वाटली.

"तुमाले एक पोरगा देल्ला होता मी," ती म्हणाली. "हसता-बोलता. तुमी त्याले भरतीले नेलं. त्याले जावाचं नव्हतं. तीन दिवस जेवला नव्हता तो. तुमी म्हनलं, सुभेदाराचा पोरगा बकऱ्या चारन का? मंग तो गेला, पेटीत आला. पेटीही तुमी लोकायनं उघडू नाई देल्ली मले. मंग माह्यापाशी काय उरलं? डोक्यात हाय तेवढंच. तेबी आता तुमाले पाहजे?"

"मी नीट लिहीन."

"तुमी नीटच लिहिता. काल बबितानं वाचलं ना, बंदुकीचं, तं मले दिसली ती बंदूक. त्याच्या खांद्यावर. रातभर मी पिलू आठवून राह्यली, आन् बंदूकच दिसून राह्यली." तिनं ओटीतला कापूस मुठीनं खाली दाबला. "असं एक-एक सांगत गेली तं सगळा जाईन तो. नाई सांगत मी. मरीन तेव्हा संगं घेऊन जाईन."

लांब डांबरी रस्त्यावर एक ट्रक गेला.

"एक तं मले आठवते," गुलाबसिंग म्हणाला. तो घाईनं बोलू लागला, ती पुढच्या झाडाकडे जाईल म्हणून. "माह्यं सोताचं. पुस्तकात नाई टाकलं ते, लहान वाटलं म्हणून. मी सुट्टीवर आलतो, तू वर्धेच्या स्टेशनवर घ्याले आलती. तो असंन तीन-चार वर्साचा. मी वर्दीत उतरलो. तो तुह्या लुगड्याच्या मागं लपला. मी उचलाले गेलो तं रडला. मी टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, ती त्याच्या नाकावर आली, तवा हासला. खालचा एक दात तुटला होता त्याचा. हे खरं हाय ना? हे मी बनवलं नाई. हे मले रोज दिसते, बिजली. वाळवंटात होतो तेव्हा याच्यावरच तं मी दिवस काढले."

बिजलीबाई त्याच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काहीतरी हललं. न बोलता पुढे जावं की काय, असं तिला वाटत असावं.

"खरं हाय," ती म्हणाली. "पर तो बादल नव्हता."

"काय म्हनते?"

"बादलले ताप होता. माह्या याडीपाशी ठेवलं होतं त्याले, दारव्ह्याले. स्टेशनवर मी राजकुमारले आनलं होतं."

गुलाबसिंगच्या हातातला कापूस खाली पडला. तो उचलायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला, एक हात मातीवर टेकवून. बिजलीबाईनं त्याला उठवलं नाही. ती पुढच्या झाडापाशी गेली, दोन बोंडं मोकळी केली, आणि मग पाठमोरीच बोलली.

"बादलचं पाहजे ना तुमाले? एक सांगते. त्याच्यावर कोनी टाळ्या नाई वाजवनार. तुमची सुट्टी सरून तुमी पेटी घेऊन गेले का, दुसऱ्या दिवशी तो उठून सगळ्या घरात फिरे. तुमची चप्पल नाई, तुमचा आरसा नाई. मंग माह्यापाशी येऊन हळूच विचारे, याडी, गेले का वं ते पाव्हणे?"

तिनं हातातला कापूस ओटीत टाकला.

"हे लिहा," ती म्हणाली, आणि ओळीतून पुढे निघून गेली.